फिशपाँडच्या पेटीतलं नाव

गेल्या महिन्यात शिरूरच्या आमच्या कॉलेजातून फोन आला. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. साठच्या दशकातल्या पहिल्या तुकड्यांत कोण कोण होतं, याची यादी त्यांना हवी होती. फोन करणारा प्राध्यापक तरुण होता. "सर, त्या वेळी फिशपाँड तुम्ही वाचले होते असं कळलं. या वेळीही तुम्हीच वाचा," असं तो म्हणाला. यादी पाठवतो, एवढंच मी सांगितलं.

फिशपाँड मी एकदाच वाचले.

कॉलेजला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. सकाळी सातपासून हायस्कूलच्या खोल्यांत आमचे वर्ग भरत आणि अकराच्या घंटेला बाकं शाळेच्या मुलांना सोडून द्यावी लागत. मुली सहा होत्या. त्या नकाशांच्या खोलीत थांबायच्या, प्राध्यापकांच्या मागून वर्गात यायच्या आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर जायच्या. मुलांशी बोलण्याची बंदी कुठे लिहिलेली नव्हती. तशी गरज पडली नाही.

वर्षाचा शेवट स्नेहसंमेलनाने होई आणि संमेलनाचा शेवट फिशपाँडने. आठ दिवस आधी ग्रंथालयाच्या दारात पत्र्याची पेटी ठेवत. ज्याला चिमटा काढायचा असेल त्याचं नाव चिठ्ठीच्या वर लिहायचं, खाली मजकूर. लिहिणाऱ्याने सही करायची नाही. मराठीचे प्राध्यापक सगळ्या चिठ्ठ्या वाचत, वाईट त्या फाडत आणि उरलेल्यांवर निळ्या पेन्सिलीने खूण करून पेटी बंद करत. संमेलनात वाचणाऱ्याने एकेक चिठ्ठी काढायची, आधी नाव वाचायचं, मग मजकूर. ज्याचं नाव निघेल त्याने उठून नमस्कार करायचा. उठला नाही तर उठेपर्यंत टाळ्या. वाचलेली चिठ्ठी प्राध्यापकांच्या टेबलावरच्या उभ्या खिळ्यात खोचायची, म्हणजे गाळली अशी तक्रार नको.

माझे उच्चार स्वच्छ होते. मुलं मला 'आकाशवाणी' म्हणत. वाचायचं काम माझ्याकडे आलं ते संमेलनाच्या दोन दिवस आधी. तोवर मी स्वतः एक चिठ्ठी पेटीत टाकून बसलो होतो.

चिठ्ठी आमच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल होती. ती वडगाव रासाईच्या बागायतदाराची मुलगी, शिरूरला मामाकडे राहून शिकणारी. चिठ्ठीत मी लिहिलं होतं: 'शिरूरला रेल्वे नाही. तरी हिला रोज सिग्नल दिसतो.'

'सिग्नल' हे आमच्याच वर्गातल्या एका मुलाचं टोपणनाव होतं. तो दौंडचा. वडील रेल्वेत सांधेवाले, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. मुलगा उंच, सरळ, आणि प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की त्याचा हात खांद्यातून एकदम वर जायचा, म्हणून सिग्नल. शिरूरच्या वसतिगृहात राहायचा आणि शनिवारी एस.टी.ने घरी जायचा. तर्कशास्त्रात त्याच्यासारखा कुणी नव्हता. तिने एकदा त्याची वही मागितली आणि चार दिवसांनी सगळ्यांसमोर परत केली. दोघांमध्ये घडलं ते एवढंच. त्याचं घर बौद्ध होतं, तिचं पाटलांचं. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या तर काय होतं, हे तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

मलाही ते माहीत होतं. पण आमचे मराठीचे प्राध्यापक पुण्याचे होते. त्यांना टोपणनावं माहीत नव्हती. त्यांच्या हातून सुटेल आणि मुलांना कळेल असं वाक्य जमलं, याचाच मला आनंद होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका मित्राला तेवढं मी ते वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ती नकाशांच्या खोलीच्या दारातून बाहेर आली आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"उद्या तुम्ही वाचणार ना?"

"हो."

"माझं नाव निघालं तर वाचू नका. मामा येणार हायेत. ते म्हणत्यात, पेटीतनं नाव निघालं की कॉलेजातनं नाव काढायचं."

"परीक्षेला दीड महिना आहे."

"तेच सांगतीय मी."

मी 'बघतो' म्हणालो. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळीच मी प्राध्यापकांच्या खोलीवर गेलो. पेटी टेबलावर होती, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली. एक चिठ्ठी परत घेता येईल का, असं विचारलं.

"कुणाची?"

"एका मित्राची."

"खूण झालेली चिठ्ठी मागे जात नाही. शंका घेऊ नका, एकूण एक मी वाचलीय. छापलेली बातमी परत घेता येते का?"

चिठ्ठी माझी आहे, असं म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. मी म्हटलं नाही.

दुपारी चार वाजता शाळेच्या पटांगणात मांडव भरला. मामा दुसऱ्या रांगेत बसले होते. सोसायटीचे संचालक, डोक्याला फेटा, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. शेजारच्या खुर्चीत आमचे म्हातारे शिपाई पाण्याची कळशी सांभाळत होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मुली पहिल्या रांगेत डावीकडे. दौंडचा तो मागे, मांडवाच्या खांबाशी उभा. ध्वनिक्षेपक नव्हता. पहिल्या दोन रांगांत कुणी कुजबुजलं तरी मंचावर ऐकू येत होतं.

मी पेटीतून चिठ्ठ्या काढत गेलो. हिशेबात नापास झालेल्या कारकुनाच्या मुलावर, वर्गात घोरणाऱ्यावर, चौदा दिवस एकच सदरा घालणाऱ्यावर. मुलं हसत होती, मामाही हसत होते. दर वेळी पेटीत हात घालताना मी कागद चाचपत होतो. माझी चिठ्ठी आलेखाच्या कागदावर होती. तो कागद जाड असतो.

ती विसाव्या-बाविसाव्या खेपेला हातात आली. सोडून दुसरी घ्यावी तर प्राध्यापक दीड हातावर बसून माझ्या बोटांकडे पाहत होते. मी चिठ्ठी उघडली आणि तिच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव वाचलं. "शिरूरला रेल्वे नाही. तरी याला रोज सिग्नल दिसतो." मी नमस्कार केला.

थोडं हसू आलं. मग मागून तळेगावच्या मित्राचा आवाज आला. "ए आकाशवाणी, बातमी चुकली! नाव बदललं!"

"खरं नाव वाच!" आणखी दोघं-तिघं ओरडले. टाळ्या सुरू झाल्या.

मी चिठ्ठी खिळ्याकडे नेली. प्राध्यापकांनी मधेच हात धरला.

"थांबा. इकडे द्या."

त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली. कपाळाला आठी पडली ती माझ्यासाठी. "वाचकाने मजकुरात फेरफार केला आहे," ते सभेला म्हणाले. "हे बरं नव्हे. यात गैर काहीच नाही. उलट शिरूरला रेल्वे हवी, ही तर आपल्या सर्वांचीच मागणी आहे." आणि त्यांनी तिचं नाव आडनावासकट, सावकाश वाचलं. मग मजकूर.

मागच्या रांगा एकदम हसल्या, आणि पुढच्या रांगेत कुणीच हसत नाही हे पाहून तशाच थांबल्या. ती उठली. नमस्कार केला. बसली नाही, प्राध्यापकांच्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिली.

मामांनी मान वळवून मागच्या मुलांकडे एकदा पाहिलं. मग आप्पांकडे.

"आप्पा, सिग्नल म्हंजी कुणाला म्हणत्यात?"

आप्पांनी कळशीतून पेला भरला आणि आधी त्यांच्या हातात दिला.

"कुणाला न्हाई वो. पोरगी मागच्या बाकावरनं फळा वाचती. समद्या पोरांस्नी चष्मं, हिला लांबचं सुदिक दिसतं. म्हून जळत्यात."

"व्हय?"

"तर वो."

मामा पाणी प्यायले. "डोळं आईवर गेल्यात तिचं," ते म्हणाले आणि पेला परत दिला. ती खाली बसली. मुली पहिल्याच बाकावर बसतात, हे मामांना माहीत नव्हतं.

प्राध्यापकांनी पुढची चिठ्ठी स्वतः काढली. मी खांबाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी ती प्राध्यापकांच्या मागून वर्गात आली. मला हायसं वाटलं. सगळा तास मी तिच्याच बाकाकडे पाहत होतो, त्यामुळे दुसरी जागा रिकामी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. ते मंगळवारी आप्पांनी सांगितलं.

"नाव काढलं त्यानं."

"कुणी?"

"तुमच्या सिग्नलनं. काल हापीस उघडायच्या आधी दारात उभा. दाखला घिऊन गेला. घरची अडचण म्हनला."

"परीक्षा?"

"ते त्याला इचारा. मी शिपाई मानूस." त्यांनी कळशी उचलली. "माझं पेलाभर पानी किती टिकतंय? बाजाराच्या दिशी कुनी ना कुनी मामाला सांगणारच. त्याला कळत हुतं ते. तुमाला न्हाई कळलं."

तसा सांगणारा निघालाच. पुढच्या आठवडे बाजाराला मामा ऑफिसात आले. त्या वेळी मी फीच्या पावतीसाठी तिथेच उभा होतो.

"दौंडचं कोण पोरगं हाय हितं?"

कारकुनाने हजेरीपट उघडून त्यांच्यापुढे फिरवला. एका नावावरून तांबड्या शाईची रेघ गेली होती. "हुतं. आता न्हाई."

मामांनी रेघेवरून बोट फिरवलं. कधीपासून, ते विचारलं. तारीख ऐकली. काठी उचलली आणि निघून गेले.

ती परीक्षेला बसली. दुसऱ्या वर्षी पदवी घेतली. वडगावात तोवर कुठल्या मुलीने ती घेतली नव्हती. मामांनी कॉलेजात पेढे आणले. "पोरीनं नाव काढलं आमच्या घरान्याचं," ते ऑफिसात प्रत्येकाला सांगत होते. आप्पांनी दोन पेढे घेतले.

माझ्यापुढे तिनेच पुडा धरला.

"ती चिठ्ठी आलेखाच्या कागदावर होती," ती म्हणाली. "कला शाखेत आलेखाचा कागद कुणाकडं होता?"

माझा भाऊ बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. माझ्या सगळ्या वह्या तसल्याच कागदाच्या होत्या. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पुडा पुढे गेला.

बातमीदार म्हणून नंतर मी दौंडला अनेकदा उतरलो. एकदा रेल्वेच्या वसाहतीत चौकशी केली. सांधेवाले निवृत्त होऊन गेले होते. कुठे, ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही.

परवा यादी पाठवली. काल त्या तरुण प्राध्यापकाचा पुन्हा फोन आला. फिशपाँडचं काय ठरलं, असं त्याने विचारलं. वाचणार नाही, म्हणालो. मग तो म्हणाला, "सर, यादीत तुम्ही सगळ्यात वर लिहिलेलं नाव आमच्याकडे मिळत नाही. हे आपल्याच कॉलेजचे ना?"

"जुना हजेरीपट आहे का?"

"आहे, सर."

"त्यात तांबड्या रेघेखाली बघा."