दोन सेकंदांचा माग

भूत, आत्मा, संकेत वगैरे मंडळींशी माझा कधी परिचय नव्हता. नाटकवाल्यांशी होता, तेवढा पुरे होता. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

१९९९. नाशिक, गंगापूर रोड, दुसऱ्या मजल्यावरची माझी खोली. रोजचे आवाज रेकॉर्ड करायचे, सॅम्पलर नावाच्या मशीनवर त्यांचे तुकडे करायचे आणि त्यांवर प्रायोगिक संगीत नाटक बसवायचं — हा माझा उद्योग. पत्रिकेवर ‘ध्वनिनाट्याविष्कार’. प्रेक्षक अकरा, त्यांतले चार कलाकारांचे नातेवाईक.

येवल्यातल्या रामनाथभाऊंचा पैठणीचा माग मी कॅसेटवर तासभर रेकॉर्ड केला होता. नाटकाला दोनच सेकंद लागले — खट्, खटाक्. ते फ्लॉपीवर ठेवले. तोच तुकडा गोल फिरत वाजायचा. कॅसेट वाया कशाला घालवावी, म्हणून तिच्यावर पिंपळगावचा कांद्याचा लिलाव भरला.

वर्षभराने भाऊंच्या पत्नी, शांताकाकू, एसटीने एकट्याच आल्या. भाऊ वारले होते, माग विकला होता.

“दादा, तुमच्याकडं यांच्या मागाचा आवाज हाय ना? एकदा ऐकवा. घर लय गप झालंय.”

लिलावाचं सांगायची हिंमत झाली नाही. दुपारचे तीन वाजले होते. तुकडा लावला. काकू खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या, डोळे मिटून. दहा मिनिटं खट्, खटाक्.

“आज लय एका दमात चाललेत,” त्या हसून म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि माग थांबला.

वीज गेली म्हणावं, तर पंखा फिरत होता. मशीनचा दिवा चालू. मी बटणाला हात लावला नव्हता. काकू मात्र गुडघ्यावर हात टेकून उठल्यासुद्धा.

“धागा तुटला. पाणी कुठं ठेवता?”

मी माठ दाखवला. त्या पेला भरून वळल्या आणि... पुन्हा सुरू. पहिले दोन ठोके जरा जपून, मग नेहमीच्या लयीत.

त्या निघताना मी विचारलं, “कॅसेट करून देऊ, काकू?”

“नको दादा. हे कधी हाक मारायचे नाय. माग थांबला की मी पाणी न्यायची, तेवढंच आमचं बोलणं. कॅसेट थांबलीच नाय, तर मी उठू कधी?”

फ्लॉपी तपासली. दोन सेकंद, त्यात शांतता कुठेच नाही. एक इंजिनिअर मित्र म्हणाला, मेमरी लूज असेल. पण लूज मेमरी ठोके जपून टाकत नाही.

त्या संध्याकाळी काकू गेल्यावर मी तोच तुकडा दोन तास लावून बसलो. माझ्यासाठी तो एकदाही थांबला नाही.