तिसऱ्या हाकेनंतर

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या ग्रंथालयात पुस्तके परत करण्याच्या रांगेत उभी होते. "बाई, हे गेले," त्या म्हणाल्या. "जेवून खुर्चीत बसले होते. चहाला उठवायला गेले, तर..." मग अगदी वेगळ्या, जपून बोलल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "मागच्या खोलीतलं ते तसंच आहे हं. मी हात लावलेला नाही." एखाद्या बाईने पतीच्या मृत्यूनंतर तासाभरात एका पंख्याच्या बटणाविषयी बोलावे, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटले असते. मला वाटले नाही. उलट, मीही तेच विचारणार होते.

श्रीधर सुर्वे यांना जाऊन सात आठवडे झाले. ते मालवणकडचे, उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला, आणि निवृत्तीनंतर इथल्याच क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहून ते लहानसहान बंदरांतली बंद पडलेली इंजिने तपासायला जात. जहाजावरच्या चीफ इंजिनिअरच्या हुद्द्यावरून सगळे त्यांना 'चीफ' म्हणत. मी 'सुर्वेसाहेब' म्हणे, कारण सलगीची हाक माझ्या तोंडून सहजी निघत नाही. मी पुण्यात महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. मी इथे माझ्या मुलाकडे राहायला आल्यावर सुर्वेसाहेबांनी आपल्या अहवालांची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले. "बाई, यंत्र मी बघतो, व्याकरण तुम्ही बघा," एवढाच आमचा करार होता. तो पाळताना माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळे मी हे लिहीत आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इंजिनरूममधली एक रीत त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली होती. एखादा माणूस यंत्र उघडून आत उतरतो तेव्हा त्या यंत्राचे बटण बंद करून त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवतो. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. कप्तानाचाही त्यावर अधिकार नाही. माणूस सापडतच नसेल, तर आधी सारे जहाज शोधायचे, मग यंत्राच्या तोंडाशी उभे राहून त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. प्रत्येक हाकेनंतर, आतल्या माणसाला सरपटत बाहेर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढे थांबायचे. हा शेवटचा भाग कुठल्या नियमावलीत आहे की त्यांच्या पहिल्या चीफने शिकवलेला, हे मला ठाऊक नाही. सुर्वेसाहेब मात्र घरातला मिक्सर दुरुस्त करतानाही प्लगला चिठ्ठी बांधत. "एकदा मी चुकून ती चिठ्ठी काढली," मंदावहिनी सांगत, "तर दोन दिवस बोलले नाहीत. मी म्हटलं, अहो, मिक्सरमध्ये कोण उतरलं होतं?"

दोन वर्षांपूर्वी ते बोगनव्हिलला गेले. पॅसिफिकमधले हे बेट पापुआ न्यू गिनीपासून वेगळे होऊ पाहते आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ते व्यापले होते. त्यांच्या तोफा अजून झाडीत गंजत पडल्या आहेत. युद्धानंतर तिथे तांब्याची खाण आली. तांबे बाहेर गेले आणि उकरलेला डोंगर बेटावर राहिला. त्यातून असंतोष, मग फुटून निघण्याची लढाई, सैन्य, वर्षानुवर्षांची नाकेबंदी. डिझेल मिळेना तेव्हा लोकांनी खोबरेल तेलावर गाड्या चालवल्या, हे सांगताना सुर्वेसाहेबांच्या डोळ्यांत कौतुक मावत नसे. आता शांतता आहे, मतदानात बेटाने स्वातंत्र्यच मागितले आहे. परंतु नवा देश जगणार कशावर? खाण पुन्हा उघडा म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसतात, असे ते म्हणत.

किनाऱ्यावरच्या एका जुन्या धक्क्यापाशी लहानसे वीजघर होते. लढाईच्या दिवसांपासून ते बंद. ते पुन्हा चालेल का, एवढेच तपासायला तिथल्या एका समितीने सुर्वेसाहेबांना बोलावले. आत छतातून वेली उतरल्या होत्या, जमिनीवर पानांचा थर होता, आणि मुख्य बटणावर पत्र्याचा लाल टॅग लटकत होता. त्यावर खिळ्याने नाव कोरले होते... लूकस.

लूकस हा तिथला वायरमन. सैन्य आले त्या सकाळी तो कामावर गेला होता. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. त्याची बहीण आग्नेस जवळच राहते. तिकडे पुष्कळ ठिकाणी जमीन आईकडून मुलीकडे जाते. वीजघराखालची जमीन आग्नेसची होती. तिने कुणालाही त्या टॅगला हात लावू दिला नव्हता. समितीला घाई होती. शेवटी सुर्वेसाहेबांनी आपली रीत समजावून सांगितली, आणि ती ऐकून आग्नेस कबूल झाली. त्यांनी यंत्राच्या तोंडाशी उभे राहून तीन हाका मारल्या. दाराशी उभी असलेली माणसे पहिल्या हाकेलाच मागे सरली. तिसरी हाक होताच त्यांनी टॅग काढला. दोन दिवसांनी इंजिन सुरू झाले.

अहवाल घेऊन ते माझ्याकडे आले. सगळे आकडे, सगळी मापे नेटकी होती. मध्येच एक वाक्य होते: 'मुख्य बटणावर लूकस नावाच्या कर्मचाऱ्याचा टॅग आढळला, कर्मचारी अद्याप सापडलेला नाही.' मी विचारले, "तांत्रिक अहवालात याचा काय संबंध?"

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी उलट विचारले.

"मला अप्रस्तुत वाटतं."

"मग काढा. भाषा तुमची."

मी ते वाक्य काढले. त्यांनी पान हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सुबक झालं." ते समाधानाने म्हणाले असे मी तेव्हा समजले होते.

तो अहवाल पुढे सभांमधून वाचला गेला. वीजघर चालते, धक्का चालेल, मग खाणीचा रस्ता का नाही... असे म्हणणाऱ्यांच्या हाती तो सापडला. त्यात आग्नेसच्या भावाचा उल्लेख नव्हता, म्हणजे रस्त्यासाठी जमीन द्यायला ती देत असलेल्या नकाराला कारणच उरले नव्हते. तिचा निरोप तिथल्या एका नर्सच्या फोनवरून आला: "तुम्ही माझ्या भावाला नाव घेऊन बोलावलंत. तो बाहेर आला आणि त्याचा टॅग तिथे नसला, तर मी त्याला काय सांगू?" टॅग सुर्वेसाहेबांच्या कामाच्या बॉयलरसूटच्या खिशात राहून सिंगापूरला आला होता. त्या दिवशी त्यांनी तो मागच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर अडकवला. पुन्हा तो पंखा लागला नाही. त्यांची नात रिया खोलीत खेळायला गेली की कुरकुरे, "आजोबा, इट्स जस्ट अ फॅन, लाह! सो हॉट!" ते शांतपणे म्हणत, "आत माणूस आहे, बाळा." मग ती त्या खोलीत जाईनाशी झाली.

आमची शेवटची भेट त्याच खोलीत झाली. खिडकीतून पादचारी पुलावरची बोगनवेल दिसत होती, खोलीत हवा हलत नव्हती, आणि माझे लक्ष सारखे त्या टॅगकडे जात होते. "बाई, एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही," ते म्हणाले. "तिसऱ्या हाकेनंतर आतून ठक् असं वाजलं. एकदाच. इतकी वर्षं बंद असलेलं इंजिन... तापलेलं लोखंड निवताना वाजतं, पण हे तर थंडगार होतं. मी म्हटलं, पाल असेल. समितीचे लोक घड्याळ बघत होते. मी थांबलो नाही."

मी खाली पाहून म्हटले, "आणि मी लूकसला अहवालातूनही काढलं."

ते किंचित हसले. "म्हणजे दोघांनीही टॅग काढला. मी हाताने, तुम्ही पेन्सिलीने." डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की सुर्वेसाहेबांनी स्वतः जाऊन टॅग पूर्वीच्या जागी लावायचा, आणि मी तोवर वाक्य परत घालून द्यायचे, असे ठरले. पुढच्याच आठवड्यात मंदावहिनींचा तो फोन आला.

वाक्य मी परत घातले. मंदावहिनींच्या पत्रासह दुरुस्त अहवाल समितीला आणि आग्नेसलाही पाठवला. पुढच्या सभेत तो वाचला गेला, आणि ती स्वतः उठून बोलली, असे नर्सने कळवले. राहिला होता टॅग. तो पाठवण्यासाठी गेल्या रविवारी मी क्वीन्सटाउनला गेले. जेवणाच्या टेबलावर पत्ता लिहिलेले पाकीट तयार होते. मंदावहिनींची मुलगी त्यांना आपल्या काँडोमधल्या घरी नेणार म्हणून अर्धे घर आवरले होते. आम्ही दोघी मागच्या खोलीत गेलो, आणि मी हात पुढे केला तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा. नाव लूकसचं असलं तरी इथे तो यांनी लावलाय."

त्यांचे म्हणणे खरे होते.

"मग तुम्ही हाक मारा," मी म्हटले.

"चाळीस वर्षांत मी कधी नावाने हाक मारली नाही, बाई. आता कुठली मारू? तुम्हीच मारा. आणि जरा मोठ्याने. तुमचा आवाज शेजारच्या खुर्चीतसुद्धा पोहोचत नाही, असं हे नेहमी म्हणायचे."

दुपारचे तीन वाजले होते. मी हाक मारली, "सुर्वेसाहेब." आम्ही थांबलो. दुसरी हाक मारली. बाहेर कॉरिडॉरमधून कुणाची तरी सायकल गेली. तिसरी मारली, आणि या वेळी माझा आवाज मलाच अनोळखी वाटला इतका मोठा निघाला.

वर, बंद पंख्यापाशी, ठक् असे वाजले. एकदाच.

मंदावहिनींनी वर पाहिले. "पाल असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य सुर्वेसाहेबांच्या तोंडून ऐकले होते का, ते मी विचारले नाही. मी हात खाली घेतला.

रिकामे पाकीट अजून त्या टेबलावर आहे. टॅगला उशीर होईल असे आग्नेसला कळवणे भाग होते. मी पुष्कळ विचार केला, सभ्य कारणे शोधली, आणि अखेर जे घडले तेच लिहिले. या वेळी काहीही अप्रस्तुत म्हणून गाळले नाही. तिचे उत्तर काल आले: "घाई करू नका. थांबायचं कसं, ते मला विचारा."

फ्लॅट सोडणे मंदावहिनींनी पुढे ढकलले आहे. येत्या रविवारी मी पुन्हा जाईन. येताना हातपंखा आणायला त्यांनी बजावले आहे, कारण खोलीत फार उकडते. बसायची सोय त्यांनी केली आहे; मागच्या खोलीत, बटणासमोर, तीन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.