बायकोच्या हाताखाली

फौजेतून कायमचा घरी आलो त्या दिवशी दाराला कडी होती. आई-वडील माझ्या नोकरीच्या काळातच गेले, मुलगी शाळेत. ट्रंक कट्ट्यावर ठेवली आणि तसाच रानात गेलो. बायको स्टुलावर उभी राहून द्राक्षाच्या काड्या सुतळीनं तारेला बांधत होती. मला बघून खाली उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आलासा? एवढी ओळ उरकू द्या, मग जाऊ घरी."

सतरा वर्षं मी बाहेर होतो. कारगिलच्या डोंगरात लढलो. तिथं जवळच गोळा फुटला आणि डावा कान गेला तो गेलाच. सुट्टीला आलो तेव्हा गावानं हार घालून मिरवणूक काढली होती. त्याच वर्षांत हिनं तासगावजवळच्या आमच्या मुरमाड माळावर एकटीनं दीड एकर बाग उभी केली, तिची मिरवणूक कुणी काढली नाही. मीसुद्धा सुट्टीत बाग बघायचो ती पाहुण्यासारखीच.

आल्या आल्या मी कारभार हातात घेतला. मजूर बायकांना सातच्या ठोक्याला बोलवायचं, रांगेत उभं करायचं, कामं वाटायची. चौथ्या दिवशी एकही आली नाही. बायको घरोघर फिरून त्यांना परत घेऊन आली. मला म्हणाली, "आवं, ह्या बाया हायत, पलटण न्हाई. आदी च्या-पानी इचारा त्यास्नी."

मग ऑक्टोबरची छाटणी आली. काडीवरच्या कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीवर, कापायचं हे तिनं दोनदा दाखवलं. मी डोळे मिटून बंदूक जोडणारा माणूस, मला कात्री कोण शिकवणार? एक अख्खी ओळ मी माझ्या मतानं आखूड कापली. काही दिवसांनी बाकीच्या ओळींत घड दिसू लागले आणि माझ्या ओळीत नुसती पानं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो.

"पानं लय झ्याक फुटल्यात," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. "फुडच्या खेपंला माझ्या मागनं चला. डोळा फुगल्याला हाय का बघा, मगच कात्री लावा."

घडांत गोडी उतरली तशी पाखरं यायला लागली. पाखरं हाकलायला आसपासच्या बागांत फटाके वाजायचे. एका दुपारी आम्ही घड काढत होतो आणि शेजाऱ्यानं अगदी बांधावरच सुतळी बाँब लावला. पुढचं मला कळलं नाही. भानावर आलो तेव्हा मी मातीत पालथा होतो आणि बाजूला घड काढणाऱ्या बाईचा हात धरून तिलाही खाली ओढलं होतं. बायका हसत होत्या. मग मी तिचा हात सोडत नाही हे कुणाला तरी दिसलं आणि हसणं थांबलं.

बायको आली, माझ्याजवळ मातीतच बसली. "बसा गं समद्या," ती म्हणाली, "भाकरी खाऊन घेऊ." अजून जेवायची वेळ झाली नव्हती. तरी सगळ्या ओळीतच बसल्या, फडकी सोडली. एकीनं माझ्या हातात चटणी-भाकरी दिली.

दिवस मावळायच्या आत ती शेजाऱ्याकडं जाऊन आली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आणि आमच्या बागेत पत्र्याचे डबे वाजायला लागले. त्याला काय सांगितलंस, असं मी खूप वर्षांनी विचारलं.

"काय न्हाई. पाखरं खाऊन खाऊन किती खात्याली, म्हणलं."

ते दिवस आठवले की वाटतं, लढाईतून मी खरा परतलो तो त्या बागेत, तिच्या हाताखाली काम करता करता. पुढं छाटणीत माझा हात इतका बसला की तरुण पोरं मला विचारायला येत. मी त्यांना तिच्याकडं पाठवायचो.

आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. वेलही म्हातारे झाले होते. यंदा ते काढायचं ठरलं तेव्हा ती बांधावर खुर्ची टाकून बसली. ट्रॅक्टरनं एकेक खोड उपटलं, ती बघत राहिली. शेवटची ओळ निघाल्यावर मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"जिमिनीला जरा इसावा देऊ," ती म्हणाली. "औंदा शाळू जुंधळा पेरा."

शाळू पेरला. चांगला उगवलाय.