लातूरची थंडी बाबांना मानवत नव्हती

आमच्या ऑफिसात थंडीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी बढतीवरूनसुद्धा झाली नाहीत. लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा निघाला होता. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं लागतात, ऑफिसांना माणसं लागतात, म्हणून सरकारनं जिथून मिळाली तिथून माणसं उचलून आणली. आमच्या खात्याची इमारत भाड्याची होती. खिडक्यांना चौकटी होत्या, काचा यायच्या होत्या, आणि त्या येण्याची वाट बघत आम्ही हिवाळे काढत होतो. सकाळी आलं की आधी टेबलं उचलून व्हरांड्यात न्यायची, ऊन सरकेल तशी सरकवायची आणि दुपारी अंग शेकून निघालं की पुन्हा आत आणायची. टँकर मागायला, कामं मागायला आलेली खेड्यातली माणसं आधी ऊन कुठं आलंय ते बघायची आणि सरळ तिकडं वळायची. साहेब तिथंच सापडायचे.

नावानं कोणी कोणाला हाक मारत नसे. हेडक्लार्क होते ते नागपूरवाले, नकाशे काढायचे ते कोकणवाले, माझ्या शेजारच्या टेबलावर चाकूरवाले आणि मी नांदेडवाल्या बाई. एवढ्यात भूगोल आटोपायचा.

नागपूरवाल्यांचा थंडीवर मालकी हक्क होता. “हे काय थंडी आहे का बाप्पा?” हे त्यांचं रोजचं पहिलं वाक्य. नागपुरात म्हणे डिसेंबरात तोंड उघडलं की शब्दाआधी वाफ निघते. आणि हेच गृहस्थ आमच्यात सगळ्यात आधी दोन स्वेटर एकावर एक घालून आले. कोकणवाल्यांनी बोट दाखवलं तर म्हणाले, “अरे, ही थंडी नाही, हा वारा आहे. थंडी असती तर मी एकाच स्वेटरवर भागवलं असतं.”

कोकणवाले बिचारे बदलीवर येताना छत्री घेऊन आले होते आणि गोधडी विसरले होते. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेल्या मुलखात छत्री! दिवाळीचे दिवे विझायच्या आत त्यांनी जी माकडटोपी चढवली ती होळीपर्यंत उतरली नाही. टोपीतून दोन डोळे आणि नाक तेवढं बाहेर, आणि तशा अवतारात ते पाझर तलावांचे नकाशे काढत. “आमच्याकडे गारठा पडला म्हणजे माणूस बनियनवर सदरा घालतो, बस्स,” असं ते सांगत तेव्हा आम्हाला त्यांची दया यायची. पण दुष्काळातली थंडी कोरडी, हवेत ओल नावाला नाही, सगळ्यांच्या टाचांना चिरा पडलेल्या. तेव्हा त्यांनीच गावाहून भिरंडेल मागवलं. कोकमाच्या बियांचं तेल ते, साबणाच्या वडीसारखं घट्ट असतं. सगळ्या ऑफिसाला वाटलं आणि म्हणाले, “आमच्याकडे थंडी नाही, पण थंडीवरचं औषध आहे. तुमच्याकडे नुसतीच थंडी.”

चाकूरवाले या भांडणात बढाई मारत नसत. त्यांची शेती घरची आणि नोकरी वरची. खरीप गेलं होतं. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती आणि हरभरा दवावर जगत होता. आकाशात ढग आला की ते टेबलावरून उठून बाहेर जाऊन बघून येत. “तुमची थंडी तुमच्या अंगाला लागती,” ते म्हणत, “आमची पिकाला लागती. पडू द्या की ओ, लई पडू द्या.” त्यावर कोकणवाले पुन्हा नकाशावर वाकत. आणि नागपूरवाले थंडी सोडून नागपूरच्या संत्र्यांवर येत.

मी मात्र या सगळ्यात एक लबाडी करत होते. तोंडानं नांदेडची बाजू घ्यायची आणि मनातून लातूर जिंकावं असं वाटायचं. त्याला कारण माझे बाबा.

बाबा नांदेडला एकटे होते. आई गेलेली, भावंड मला नाही, लग्न मी केलेलं नव्हतं. उभा जन्म त्यांनी गिरणीत कापसाच्या धुरळ्यात काढला होता आणि त्या धुरळ्यानं छातीत घर केलं होतं. आमची खोली नदीच्या अंगाला. हिवाळ्यात गोदावरीवरचं धुकं गल्लीत उतरायचं आणि बाबांची धाप चढायची. मागच्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना दोनदा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की कोरड्या हवेत न्या, इथला आणखी एक हिवाळा यांना झेपायचा नाही. लातूर उंचावर, हवा कोरडी, माझ्या दोन खोल्या भरपूर उन्हाच्या. एवढं सगळं जुळून आलेलं असताना हा माणूस यायला तयार नाही! आणि कारण काय, तर लातूरची थंडी मानवत नाही.

“बाबा, धाप तुम्हाला नांदेडात लागते.”

“लागू दे. नांदेडची थंडी खानदानी हाय. नदीवरून येते, सलाम करते, ऊन निघालं की चालली जाते. तुमची लातूरची थंडी बेमुर्वत. कुठून बी घुसते.”

खोबरेल तेलाची बाटली त्यांनी खिडकीत ठेवलेली असायची. तेल गोठलं की बाटली हातात घेऊन मला उलटी करून दाखवायचे. “हे बघ. ही थंडी. पण त्रास हाय का? न्हाई.” आणि एवढं म्हणून खोकायला लागायचे. हसावं की रडावं कळत नसे. खरं सांगायचं तर मला राग यायचा. महिन्यातून दोनदा एसटीचे धक्के खात नांदेडला जायचं, वर्षभराची भीती पदरात घेऊन परत यायचं, आणि या माणसाला हवामानाची चेष्टा सुचते.

बाबांचं मूळ गाव चाकूरच्याच बाजूला. तरणेपणी ते गाव सोडून नांदेडला आले. का सोडलं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “तिकडं थंडी लई.” लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की पुढं काही विचारावं असं कधी वाटलं नाही. माणसं पोटापाण्यासाठी शहरात येतात हे मला ठाऊक होतं आणि थंडी हा त्यावरचा विनोद आहे असं मी धरून चालले होते.

त्या हिवाळ्यात मी शेवटी येळवसेचा डाव टाकला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हा सण लातूर-उस्मानाबादकडचा, नांदेड शहरात राहणाऱ्यांना फारसा ठाऊक नाही. त्या दिवशी लातूर गाव ओस पडतं, पान खायला टपरी उघडी सापडत नाही, कारण झाडून सगळे कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवायला गेलेले असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा होते आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, ताकातली आंबील, खीर, बाजरीचे उकडलेले उंडे. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं अशी रीत. चाकूरवाल्यांनी सगळ्या ऑफिसाला बोलावलं. दुष्काळ असला म्हणून काय झालं, घरचं आहे ते खाऊ, म्हणाले. मी बाबांना कळवलं, की या, दिवसभर उन्हात बसायचंय, लातूरची थंडी एकदा नीट तपासून घ्या आणि मग काय तो निकाल द्या.

निकाल द्यायचा म्हटल्यावर बाबा आले. कोट घालून, मफलर गुंडाळून, परीक्षेचे साहेब यावेत तसे.

आम्ही एसटीनं चाकूरला उतरलो आणि तिथून चालत निघालो. कोकणवाले टोपीत, नागपूरवाले दोन स्वेटरांत, बाबा कोटात. ऊन स्वच्छ होतं आणि वारा बोचरा. वाटेत बाबा मागं मागं राहत होते. धाप लागली असेल म्हणून मी हळू चालत होते, पण त्यांचा श्वास चांगला चालला होता. नदीचं धुकं नव्हतं, छाती मोकळी होती. मी मनातल्या मनात लातूरला गुण देत होते.

शेतात कोप होती, पण यंदा एवढीशी. कडबा जनावरांना पुरत नव्हता, त्यात कोप कशाची घालायची? चाकूरवाल्यांनी थोड्या पेंढ्या उभ्या केल्या होत्या आणि सांजच्याला त्याच परत गोठ्यात जायच्या होत्या. आम्ही बांध ओलांडला, चपला काढल्या आणि वाऱ्यातून सुटका म्हणून पटापट आत शिरलो. कोपीत छान ऊब होती. कोकणवाल्यांनी चक्क टोपी काढली, त्यावर नागपूरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे सरकून सरकून बसलो तेव्हा लक्षात आलं, की बाबा आत नाहीत.

ते बांधावर उभे होते. कोटाची कॉलर वर केलेली, पाठ वाऱ्याकडं.

चाकूरवाल्यांच्या आई आंबिलीचं मडकं घेऊन दाराशी बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, “पाव्हणं, भाईर कामून थांबलाव? वारं लागंल. आत या.”

“पूजाबिजा मी करत न्हाई, माय,” बाबा तिथूनच म्हणाले. आम्ही बौद्ध, घरात दीक्षेपासून पूजा नाही, हे चाकूरवाल्यांना माहीत होतं.

“पूजा कवाच झाली. आता जेवायचं हाय. जेवताव तरी का न्हाई?”

सगळे हसले. बाबाही जरासे हसले आणि वाकून आत आले. दाराच्या कडेला बसू लागले तर म्हातारी पुन्हा ओरडली, “आनिक आत सरका की ओ! कोप ल्हान हाय म्हून काय झालं.” मग ते नागपूरवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. भज्जी दोनदा घेतली. आंबील थंड आणि आंबट, दम्याच्या माणसाला नको म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही आणि तांब्या रिकामा केला. नागपूरवाल्यांनी विचारलं, “काय काका, कशी आहे मग लातूरची थंडी?”

“बघून राहिलो अजून,” बाबा म्हणाले.

परतताना मंडळी पुढं निघून गेली आणि आम्ही दोघं मागं राहिलो. बाबांनी हात लांब करून उजवीकडं दाखवलं. त्यांचं गाव तिकडं होतं, ती निंबाची झाडं दिसतात त्यांच्या पलीकडं.

“येळवसेला आम्हाला बी बोलावणं असायचं,” ते म्हणाले. “सगळ्या शेतांत. जेवण पोटभर. त्यात कंजुषी न्हाई केली कोणी, खोटं काहून बोलू. पण कोपीत न्हाई. बांधावर. भाकरी हातावर घ्यायची आणि तिथंच वाऱ्यात बसून खायची. वारं असं, की घास तोंडात जायच्या आधी गार. आतली लोकं उबेत बसून जेवायची, ते दिसायचं. माझी आई मला पदरात घ्यायची. पदर तरी केवढा.”

रस्ता सांगावा तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. अशा गोष्टी मी दुसऱ्यांच्या घरातल्या पुष्कळ ऐकल्या होत्या, आमच्या घरात या विषयावर फक्त थंडी एवढा एकच शब्द होता. राग कोणावर काढावा कळेना. पुढं चालणाऱ्या त्या भल्या माणसांवर तरी कसा काढणार?

“आज त्यांनी आत बोलावलं की, बाबा,” मी म्हणाले. माझ्याच कानाला ते तोकडं वाटलं.

“बोलावलं. म्हातारी चांगली हाय. तिला नाव न्हाई ठेवत मी.” ते थोडं चालले. “पण मी ते न्हाई बघितलं.”

“मग काय बघितलं?”

“तिनं बोलावण्याच्या आधी तू आत गेलीस. बांध आला तसा माझा पाय आपोआप थांबला. एवढी वर्षं झाली, गिरणीत लाल बावट्याखाली घसा फोडला, दीक्षा घेतली, तरी थांबला. मी तुझ्याकडं बघून राहिलो होतो, ही थांबते का. तू बोलत बोलत गेलीस. मागं वळून बी बघितलं न्हाई.”

मला तो बांध आठवतसुद्धा नव्हता. तेच त्यांना म्हणायचं होतं. मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि पुढं गेलेले कोकणवाले काय झालं म्हणून बघायला लागले, तर बाबांनीच त्यांना हात करून चला चला म्हटलं.

परतीच्या एसटीत बाबांना खिडकीची जागा मिळाली, काच निम्मी बंद होत नव्हती आणि वारा सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. मी जागा बदला म्हणाले. त्यांनी मफलर सोडून मांडीवर घेतला.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “सामान आणायला नांदेडला कधी जायचं, ते सांग.”