नानांनी सेट केलेला मॉनिटर, मी फिरवलेलं टेबल

नाना भालेराव काल गेले. त्यांना खोटारडा ठरवणारा माणूस मी आहे.

सकाळपासून प्रेसवाल्यांच्या ग्रुपवर पूर आलाय. 'जळगाव-धुळ्यातला हाडाचा टेक्निशियन गेला.' 'असा माणूस होणे नाही.' हात जोडलेले, दिवे, फुलं.

यातले निम्मे लोक त्या दिवशी हसत होते.

मी हसलो नव्हतो. मी त्याहून वाईट केलं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी जळगावच्या एका प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर होतो. तेव्हा मॉनिटर म्हणजे पिक्चर ट्यूबचं धूड, दोघांनी धरून उचलायचं. रंग जरा बिघडला की नशिराबादहून नाना मोपेडवर यायचे.

आल्यावर चहा नाही, पाणी नाही. पहिला प्रश्न: "यानं तोंड कथा ऱ्हाई?"

म्हणजे मॉनिटर कुठल्या दिशेला बघणार.

मला वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे. एकदा विचारलं, तर त्यांनी काचेला नाक लावायला सांगितलं.

"देख भाऊ. काचना मांगे तीन रंगना ठिपका शेतस. त्यासना मांगे लोखंडनी जाळी. लाल किरण लाल ठिपकावरच पडाले पाहिजे. केसभर सरकना का हिरवाना घरमा घुसस."

आणि तो केसभर सरकवायला पृथ्वीचं चुंबकत्व पुरतं. म्हणून मॉनिटर जिथे राहणार तिथेच ठेवून सेट करायचा. ते अख्खा पडदा लाल करायचे, मग हिरवा, मग निळा. कोपऱ्यात डाग दिसला की ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकी चकत्या जरा जरा फिरवायचे. दोन-दोन तास. शेवटी मॉनिटरच्या डब्यावर मार्करने दिशेचा बाण काढायचे आणि बजावायचे, "हाऊ बाण हालाले नको."

मग मालकांकडे वास्तुवाले आले.

ऑपरेटर पश्चिमेला तोंड करून बसतो, म्हणून धंद्याला बरकत नाही म्हणे. मालक म्हणाले, टेबल फिरवा. आम्ही फिरवलं. मॉनिटर बंदसुद्धा केला नाही, कारण फाईल उघडी होती आणि मला उशीर होत होता.

मॉनिटरचं तोंड माझ्या उलट, त्यामुळे पूर्वेचा बाण पश्चिमेला गेला. मी पाहिला. माझ्याच हाताने गेला होता.

पडद्याची डावी बाजू हिरवट वाटत होती. नानांना फोन करावा असं मनात आलंही. पण केळीच्या रोपांच्या एका कंपनीचा कॅटलॉग अर्जंट होता. दोन दिवसांत डोळे त्या हिरव्याला सरावले. मी फोटोंमधला हिरवा कमी करत गेलो, पडद्यावर केळी मस्त पिवळी दिसत गेली.

छापून आली ती लालसर तपकिरी. सडल्यासारखी.

पार्टी येऊन बोंबलली. मालकांनी मला विचारलं, "हे कसं झालं?"

मी म्हणालो, "नानांनी मागच्याच आठवड्यात मॉनिटर सेट केला होता."

बघा, वाक्यात एक शब्द खोटा नाही.

नानांना बोलावलं. त्यांनी आधी बाणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टेबल कोनी फिरावं?"

मी कीबोर्डकडे बघत बसलो.

मालक म्हणाले, टेबलाचा काय संबंध? नानांनी सगळं समजावलं. किरण, जाळी, पृथ्वीचं चुंबकत्व. सुरू करताना मॉनिटर आतल्या आत थोडं सावरून घेतो, पण सगळं नाही.

"म्हणजे चूक पृथ्वीची का, नाना?" मालकांनी विचारलं.

अख्खी प्रेस हसली. मशीनवाले, बाइंडिंगवाले, कागद घ्यायला आलेले धुळ्याचे दोघं.

त्यानंतर मालक नानांच्या जातीवरून एक वाक्य बोलले. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना पाठ असेल.

मी एवढंच म्हणायला हवं होतं: "मालक, नाना बरोबर बोलताहेत. टेबल फिरवल्यावर मला हिरवं दिसत होतं." मला सगळं माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

नाही बोललो. नोकरी नवी होती, लग्न ठरत होतं. कारणं भरपूर होती हो.

नानांनी माझं नाव घेतलं नाही. पिशवी उचलली आणि गेले.

महिन्याभरात जळगाव ते धुळे सगळ्या प्रेसमध्ये ते 'पृथ्वीवाला नाना' झाले. बोलावणी बंद. पुढे गावात मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचे. मी स्वतःला सांगत आलो, पुढे फ्लॅट स्क्रीन येणारच होत्या, त्यांचं काम तसंही संपणार होतं.

काम संपलं असतं. नाव गेलं नसतं.

आता धुळ्यात माझी स्वतःची प्रेस आहे. रंगाची नजर चांगली आहे असं लोक म्हणतात. कुणाची देणगी, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

काल संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. श्रद्धांजलीचा बॅनर करायचाय. म्हणाली, "काका, तुमच्याकडेच करायचाय. बाबा म्हणायचे, रंग त्याच्याइतके कुणाला कळत नाहीत."

तिला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी इतक्या वर्षांत घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

फोटो आला. स्क्रीनवर उघडला. तसाच बंद केला.

आज सकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. टेबल, बाण, केळी, माझं ते खरं वाक्य.

ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. बॅनर दुसरीकडून करून घेते."

बरोबर केलंस, बाळा.

ग्रुपवरच्या मंडळींनो, फुलं टाकण्याआधी हे वाचा. मालक, तुम्हीही वाचा.

नाना, तुम्ही बरोबर होतात. माफी मागायचे दिवस मी घालवले.

जय भीम.