वाटसरूचा वाटा

दुपारी अडीचच्या सुमाराला एक माणूस घड्याळजींच्या टपरीपुढे येऊन उभा राहिला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात भारी बूट, पण चेहरा पांढराफटक.

"मशिदीची जकात तुमच्याकडे असते म्हणे," तो म्हणाला.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. अकरा वर्षं ते हे काम सांभाळत होते. जकात म्हणजे ऐपतदाराने वर्षाकाठी शिलकीचा चाळिसावा हिस्सा दानासाठी काढायचा. तो कुणाला द्यायचा, ते आठ हकदार धर्मानेच ठरवून दिलेले. जकातीच्या पेटीला दोन कुलुपं. एक किल्ली घड्याळजींकडे, दुसरी कमिटीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे लाकडाच्या वखारवाल्यांकडे.

माणूस आठव्या महिन्यातल्या बायकोला माहेरी सोडायला निघाला होता. वाटेत तिला रक्तस्राव सुरू झाला. तिला उतरवायच्या गडबडीत पैशांची बॅग बसमध्येच राहिली. डॉक्टरांनी रक्ताच्या तीन पिशव्या आणि इंजेक्शनं बाहेरून आणायला सांगितली होती, पाचच्या आत.

"भावाला बूथवरून फोन लावला. तो सकाळीच पोचेल. चाचा, गावी माझी चपलांची दोन दुकानं आहेत. दरवर्षी मी स्वतः जकात देतो. आज हात पसरायची वेळ आली."

दोन वर्षांपूर्वी असाच एक रडवेला माणूस पायाला खोटं बँडेज बांधून घड्याळजींना गंडवून गेला होता. ती भरपाई त्यांनी सात महिने स्वतःच्या कमाईतून केली होती. ताकही फुंकून पिणं भाग होतं.

"चला, आधी दवाखान्यात," म्हणत त्यांनी टपरीचं दार ओढलं.

वॉर्डाच्या दाराशी नर्सने औषधांचा कागद घड्याळजींच्याच हातात कोंबला. "घरचे ना तुम्ही? मग उभे काय राहिलात?" पलंगावरच्या बाईचे ओठ कागदासारखे झाले होते.

दोघे वखारीत पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. करवतीच्या आवाजात ओरडून सगळं सांगावं लागलं.

"ते पैसे मशिदीच्या छतासाठी ठेवलेत," वखारवाले म्हणाले. "अन् याचे बूट बघितलेत? माझ्यापेक्षा भारी."

"बुटांच्या बदल्यात रक्त मिळत असतं तर मी आलोच नसतो. घरी राजा असला तरी वाटेत अडकलेला मुसाफिर हकदार आहे, शेठ. छताला कसली आलीय भूक?"

"आणि खोटं निघालं तर?"

"माझ्या अंगावर."

"मागेही तुमच्याच अंगावर आलं होतं."

घड्याळजींचे कान तापले. भांडत बसलं असतं तर पाच इथेच वाजले असते. "इमामसाहेबांना विचारू," ते म्हणाले, "आत्ता. गाडी काढा."

इमामसाहेब खोलीत मुलांच्या वह्या तपासत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: बाईला स्वतः पाहिलं का, आणि गरज किती. मग वखारवाल्यांकडे वळले. "गरजेपुरतं द्या. जकातीतून छत होत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय. छताला वर्गणी काढा, मी स्वतः दारोदार येतो."

वखारवाल्यांनी किल्ली चटईवर आदळली.

पेटी उघडली तेव्हा सव्वाचार झाले होते. औषधं, रक्त आणि परतीचं भाडं, एवढंच घड्याळजींनी उचललं. एरवी केसाएवढी तार बसवणारे त्यांचे हात नोटा मोजताना दोनदा चुकले. रक्तपेढीत रांग होती. "माझी सून आहे," असं धडधडीत खोटं बोलून ते पुढे घुसले. पाचला दहा कमी असताना पिशव्या नर्सच्या हातात पडल्या.

मग दोघे तासभर बाकावर बसून होते. आतून बाळाच्या रडण्याचा बारीक आवाज आला. शेवटी नर्स बाहेर आली. "मुलगी. आई शुद्धीवर आहे."

"भाऊ आला की पहिल्यांदा तुमचे पैसे चुकते करतो," माणूस डोळे पुसत म्हणाला.

"उसने दिलेत का? तुमचा हक्क होता तो. द्यायचंच असेल तर गावी गेल्यावर दुसऱ्या कुणाला तरी द्या."

शुक्रवारी कमिटी बसली. आता तरुणांना संधी द्यावी, असं वखारवाले गोड आवाजात म्हणाले. घड्याळजींनी आजूबाजूला पाहिलं. अकरा वर्षं ज्यांच्यासोबत उठबस केली, ते सगळे सतरंजीचे धागे मोजत होते. इमामसाहेब तेवढे "हे बरं नव्हे" म्हणाले, पण कमिटीत त्यांना मत नव्हतं. घड्याळजींनी किल्ली काढून दिली.

घरी बायको वाट बघत होती. "काढून घेतली?"

"घेतली."

"वाईट वाटलं?"

"वाटलं," ते म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पण किल्ली माझ्याकडेच असती आणि ती बाई गेली असती, तर?"

तिने त्यांचं ताट वाढून पुढे सरकवलं आणि रोजच्यासारखं उठून न जाता समोर बसून राहिली.