विमानाला कल्हई

शाहूपुरीतला लालासाब खानदानी कल्हईवाला, पण चौऱ्याऐंशी साली त्याच्या डोक्यात फायबर शिरलं. पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, सिनेमावाल्यांच्या खोट्या तोफा, काय म्हणाल ते तो फायबरचं करी. वडील, गैबीचाचा, मात्र नाक मुरडत. "आग न्हाय, भट्टी न्हाय, ह्यो धंदा कसला?" पंचेचाळिशीच्या लालासाबला बापाकडून एक चांगला शब्द हवा होता, बास.

तेवढ्यात पुण्याच्या एका विमान क्लबच्या साहेबांनी विमानाच्या नाकावरचं टोपण नमुन्याला करायला दिलं. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळं आभाळातली वीज पडली की ते फुटतं. म्हणून वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी बसवायची, म्हणजे वीज जाळीवरून विमानाच्या पत्र्यात निघून जाते.

जाळी बघून गैबीचाचा ताडकन उठले. "बिनकल्हईचं तांबं? कळकंल की!"

"अब्बा, ह्यात कोण जेवणार हाय?"

"म्हणून तसंच सोडायचं व्हय?"

भट्टी पेटली, नवसागराचा धूर गल्लीभर झाला, जाळी लखलखली. बाप इतका खूश लालासाबनं कधी बघितला नव्हता. त्याच्या तोंडून 'नको' निघेचना; तीच जाळी त्यानं टोपणात बसवली. दुसऱ्या दिवशी चाचा बिद्रीकडच्या गावांत कल्हईच्या फेरीला गेले.

साहेब आले. टोपणावर रुपयाचं नाणं वाजवलं. ठणठणीत आवाज यायचा तो भदभद आला. नखानं उचललं तर जाळी पापुद्र्यासारखी हातात! कल्हईनं भोकं बुजलेली, फायबरची चिकट राळ आत शिरून जाळी धरणार कुठून? बघ्यांना काय, फुकटचा तमाशा. लालासाबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आठ दिवस देतो," साहेब म्हणाले, "पण कृपा करून भांडी समजू नका."

आठ दिवस त्यानं खाल्लं काय नि प्यालं काय, कुणास ठाऊक. नवं टोपण बिनकल्हईच्या जाळीचं केलं, वरून पांढरा रंग दिला. नाणं खणखणलं. टोकापासून विमानाला जोडायच्या बोल्टापर्यंत वीज वाहते का, ते साहेबांनी मीटर लावून बघितलं आणि सही ठोकली.

त्याच संध्याकाळी चाचा परतले. त्यांनी टोपणावरून हात फिरवला.

"पास झालं?"

"झालं, अब्बा."

"कल्हईसकट?"

आयुष्यात पहिल्यांदा लालासाब बापाशी खोटं बोलला. "व्हय की."

चाचांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो टोपणावरच आदळला.

"शाब्बास, पोरा! आता खुशाल आमटी वाढा म्हणावं त्यात."